जाळी धरायच्या आत

सकाळ झाली की त्या घरात रोजची लढाई ठरलेली. लेक ऑफिसच्या गडबडीत, एका हातात डबा, दुसऱ्या हातात डोळ्यावर लावायची पट्टी. आणि भिंगरी पलंगाखाली. भिंगरी म्हणजे पापुद्रेबाईंची नात. पहिलीत जाणारी, एका जागी म्हणून ठरायची नाही, त्यामुळे जन्मनाव कागदावर राहिलं आणि घरात भिंगरीच झाली.

"बाहेर ये बघू आधी."

"नाही येणार."

"आजी हसतेय बघ तुला."

"आजी हसत नाहीये. मला तिचे पाय दिसतायत. हसणाऱ्या माणसाचे पाय असे नसतात."

पोरगी चूक नव्हती. पापुद्रेबाई पलंगाशी उभ्या होत्या आणि हसण्याच्या बिलकूल बेतात नव्हत्या. पोरीचा डावा डोळा आळशी निघाला होता. दिसायला दोन्ही टपोरे, पाणीदार. पण उजवा राबायचा आणि डावा बसून खायचा. डॉक्टरांनी उपाय सांगितला तो साधाच. चांगला डोळा रोज काही तास झाकून ठेवा, म्हणजे आळशाला झक मारत उठावं लागेल. वर हेही बजावलं, की आता या वयात केलं तर होईल; उशीर केलात तर डोळा राहील, नजर राहणार नाही.

झालं होतं असं, की पट्टी लागायची आणि घटकाभरात गायब व्हायची. दप्तराच्या तळाशी सापडायची, खुर्चीच्या बुडाला चिकटलेली सापडायची. एकदा तर शेजाऱ्यांच्या मांजराच्या पाठीवर सापडली, आणि शेजारीण मांजर काखेत मारून, "याला कुठं लागलंय का हो?" म्हणत दारात आली.

"अगं, जाळी धरायच्या आत व्हायला हवं हे," पापुद्रेबाई लेकीला म्हणायच्या. रोज म्हणायच्या. "एकदा का जाळी धरली, मग डोकं आपटलंस तरी उपयोग नाही."

आता ही जाळी कुठली, ते सांगायचं तर पापुद्रेबाईंच्या नोकरीपासून सांगायला हवं. आणि नोकरीचं सांगायचं तर त्यांच्या स्वतःच्या डाव्या डोळ्यापासून.

कारण तो डोळा नातीचा नव्हताच मुळी. तो त्यांचाच होता, एक पिढी गाळून खाली उतरलेला. त्यांच्या लहानपणी कोणाच्या लक्षात आलं नाही. डोळा किंचित नाकाकडे झुकायचा, तर आई म्हणायची, मोठी झाली की सुटेल. आई काही वाईट नव्हती. तिला आपल्या पोरीचा चेहरा छान दिसत होता, बस. मग शाळेत डोळे तपासायला एक माणूस आला. त्यानं तिचा उजवा डोळा तळहातानं झाकला आणि समोरची अक्षरं वाचायला सांगितली. ती प्रामाणिकपणे म्हणाली, "कुठली अक्षरं?" सगळा वर्ग खो खो हसला. तीही हसली. तिला वाटलं, डावा डोळा सगळ्यांचाच असा असतो. उजवा बघायला आणि डावा शोभेला.

तोवर वेळ निघून गेली होती.

पुढे ती मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागली. काम काय, तर उंदरांच्या मेंदूचे पातळ काप काढायचे. मेंदू आधी साखरेच्या पाण्यात मुरवायचा. तळाशी जाऊन बसला की समजायचं, मुरला. मग तो यंत्राच्या चौथऱ्यावर ठेवायचा, भोवती कोरड्या बर्फाचा चुरा लावून गोठवायचा आणि पातं फिरवायचं. प्रत्येक फेरीला पात्यावर एक पापुद्रा गोळा व्हायचा, कांद्याच्या सालीहून पातळ. तो ओल्या कुंचल्यानं उचलून पाण्यानं भरलेल्या खणात सोडायचा. पाण्यात गेला की आपसूक उलगडायचा, पाकळीसारखा. इतरांचे काप फाटायचे, दुमडायचे. हिचे अख्खे. महिन्याभरात तिची पापुद्रेबाई झाली, आणि वय पंचविशीत असतानाच शिपायांपासून शास्त्रज्ञांपर्यंत सगळे "बाई, बाई" करू लागले.

त्या प्रयोगशाळेचे मुख्य म्हणजे मोठे सर. उंच, वाकलेले, बोलताना खडू चघळायचे. त्यांचं सगळं लक्ष मेंदूतल्या पेशींवर नव्हतं, पेशींच्या मधल्या जागेवर होतं.

"सगळे घरं मोजतात, बाई," ते म्हणायचे. "गल्लीबोळात काय भरलंय, ते कोणी बघत नाही."

"गल्लीत काय असायचंय? कचरा."

"तसंच समजत होते लोक पुष्कळ दिवस. पण तिथं एक माल आहे. प्रोटीनचा दांडा आणि त्याला चहूबाजूंनी साखरेचे लांब लांब केस. बाटली घासायचा ब्रश बघितलाय ना? तस्सा. पाणी धरून ठेवतो, फुगतो, एकात एक अडकून गच्च बसतो. प्रोटिओग्लायकन."

"प्रोटीनला ग्लानी?"

सर खडू तोंडातून काढून हसले. "ग्लानी नव्हे हो, ग्लायकन. पण राहू दे, तुमचं लक्षात राहील."

राहिलं. आणि हेही राहिलं, की काही ठरावीक पेशींभोवती या मालाची चक्क जाळी तयार होते. एका वेलीच्या बियांतून काढलेलं रसायन त्या साखरेला बरोबर चिकटतं. ते लावून रंग चढवला, की भिंगाखाली पेशीभोवती तपकिरी जाळीचा झगा दिसायचा, मधे मधे भोकं, त्या भोकांतून दुसऱ्या पेशींचे धागे आत शिरलेले. नुकत्या जन्मलेल्या पिलाच्या मेंदूत ही जाळी नसते. पिलू जगात वावरतं, बघतं, ऐकतं, आणि मग ती हळूहळू येते. पापुद्रेबाई म्हणाल्या, दुधावर साय धरते तशी धरते की. तेव्हापासून त्या प्रयोगशाळेत जाळी 'तयार' व्हायची बंद झाली आणि 'धरायला' लागली. मोठे सर बाहेर भाषणाला गेले तरी जाळी धरली म्हणायचे, आणि ऐकणारे एकमेकांची तोंडं बघायचे.

मग काय, तो शब्द सुटलाच. शिपाई वर्षानुवर्षं चहात साखर जास्त घालायचा, त्याला कोणी टोकलं की दुसरा म्हणायचा, "सोडा, जाळी धरलीय त्याला." चाळिशी उलटलेला एक संशोधक मुली बघायला लागला, तर साऱ्यांनी त्याच्या जाळीची चौकशी केली. पापुद्रेबाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. दिवसभर एका डोळ्याला भिंग आणि दुसरा मिटलेला. बाई घरच्यांत हसून सांगायच्या, "आमच्या घरात डोळे चार, पण कामाला दोनच." आणि पुढे, "जाळी धरायच्या आत यांना भांडी घासायची सवय लावायला हवी होती, ते मात्र राहून गेलं."

डोळ्याचं त्यांनी प्रयोगशाळेत कोणाला सांगितलं नव्हतं. पण एकदा सरांनी त्यांना दोन नळ्यांच्या सूक्ष्मदर्शकावर एक काप दाखवला, आणि बाई नेहमीप्रमाणे उजव्याच नळीला डोळा लावून बसल्या. सर बघत राहिले.

"डावा?"

"तो शोभेचा आहे, सर."

सर खुर्ची ओढून शेजारी बसले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही गेली काही वर्षं ज्या उंदरांचे काप काढताय, त्यांचा लहानपणी एक डोळा शिवून बंद ठेवलेला असतो. डोळा पुढे उघडला तरी मेंदू त्याचं ऐकत नाही. का ऐकत नाही, ते आपण शोधतोय."

पापुद्रेबाईंनी नळीवरून मान वर काढली. "म्हणजे मी माझ्याच डोळ्याचा माग काढत होते? आणि हे मला आता सांगताय होय?"

"मला तरी कुठं माहीत होतं?"

फ्रीजरमध्ये एक औषध असायचं, जाळीचे साखरेचे केस कातरून टाकणारं. त्याला बाई उसवणी म्हणायच्या. म्हाताऱ्या उंदराच्या मेंदूत उसवणी घातली, की शिवलेला डोळा पुन्हा थोडा कामाला लागायचा. ते कळल्यावर बाईंनी एक दिवस धीर करून विचारलंच. "सर, ते आमच्या डोक्यात नाही का घालता येणार?"

"येईलही एखाद दिवशी. पण आज नाही. डोळ्याबरोबर आणखी काय काय उसवेल, कोण सांगणार? उद्या तुम्ही काप काढायचेच विसरलात, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

तो विषय तिथंच संपला. दोघंही हसली होती. पण त्या दिवसापासून पापुद्रेबाईंच्या मनानं जाळीशी उभा दावा धरला. हीच ती. हिनंच खाल्ला आपला डोळा.

आता सर नाहीत, यजमान नाहीत, नोकरीही नाही. बाई लेकीकडे राहतात. दुपारी घर निवांत झालं, की खिडकीशी बसून कधी कधी त्यांचा उजवा हात उगाच हलतो; अंगठा आणि दोन बोटं मिटतात, मनगट वळतं, आणि एक नसलेला पापुद्रा नसलेल्या पाण्यात उतरतो.

तर, पुन्हा तपासणी झाली. भिंगरी मागच्या वेळी तक्त्यावर ज्या ओळीला अडली होती, तिथंच अडली. डॉक्टर रागावले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. रागावण्यापेक्षा ते वाईट.

संध्याकाळी भिंगरी खेळायला गेल्यावर लेक ओट्याशी उभी राहून म्हणाली, "आई, सोडून देऊ या का?"

"काय सोडून द्यायचं?"

"पट्टी. शाळेत पोरं तिला समुद्री चाचा म्हणतात. रोज रडारड. मी थकले गं. आणि तुझं काय अडलं एका डोळ्यावाचून? नोकरी केलीस, संसार केलास, मला वाढवलंस."

पापुद्रेबाई भाजी निवडत होत्या. निवडायच्या थांबल्या.

"जिन्याची शेवटची पायरी मला जन्मभर कळली नाही," त्या म्हणाल्या. "पाणी ओतताना जग पेल्याच्या काठाला टेकवल्याशिवाय ओतता आलं नाही. आणि तू लहान होतीस ना, लांबून पळत यायचीस. तू किती जवळ आलीस, ते मला तू अंगावर आदळल्यावरच कळायचं. प्रत्येक वेळी दचकायचे मी. तुला वाटायचं, आई लाडानं नाटक करते."

लेक पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायला लागली.

"तुझी आजीसुद्धा हेच म्हणाली होती," बाई पुढे बोलून गेल्या. "काय अडलंय म्हणून."

हे बोलायला नको होतं. लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "म्हणजे मी तशी, असंच ना?" असं म्हणून ती आत निघून गेली. रात्री दोघी एकमेकींशी ताटावर फक्त मिठापुरतं बोलल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. दुपारी घर शांत. जरा जास्तच शांत. भिंगरी घरात असताना शांतता म्हणजे काहीतरी शिजतंय, हे ओळखून बाई उठल्या. न्हाणीघराचं दार लोटलेलं. आत भिंगरी बादली पालथी घालून तिच्यावर उभी, आरशाला नाक लावून. एका हातात टॉर्च. दुसऱ्या हातानं पट्टीची कड उचलून ती आत उजेड पाडून बघत होती.

"काय चाललंय गं?"

भिंगरी इतकी दचकली की बादलीवरून पडायचीच. "काही नाही. बघतेय."

"काय बघतेयस?"

पोरीनं ओठ दाबले. मग एकदम हुंदका फुटला. "जाळी आली का ते."

"कुठं जाळी?"

"पट्टीच्या आत! तू रोज आईला सांगतेस ना, जाळी धरेल, जाळी धरेल. कोळी अंधारातच विणतो. कपाटामागं असते, माळ्यावर असते. पट्टीच्या आत पण अंधार असतो. माझा एक डोळा तर बिघडलाच आहे, आता चांगल्याला धरली म्हणजे? मग मला काहीच दिसणार नाही. म्हणून मी काढते. हवा लागू देते."

पापुद्रेबाईंनी तिला खाली उतरवलं आणि स्वतःच त्या पालथ्या बादलीवर बसल्या. हसावं की रडावं. सगळ्या प्रयोगशाळेनं कौतुक केलेला त्यांचा लाडका शब्द या पोरीच्या उशाशी कोळी होऊन बसला होता. पोर हट्टी नव्हती. इतके दिवस एकटी, कोणाला न सांगता, स्वतःचा एकुलता एक चांगला डोळा राखत होती.

"चल," तिची पट्टी सोडवत त्या म्हणाल्या, आणि पट्ट्यांचं पाकीट पिशवीत टाकलं. "चपला घाल."

"कुठं?"

"जाळी बघायला. खरी."

प्रयोगशाळा आता धाकट्या मॅडमकडे आहे. एके काळी मोठ्या सरांची विद्यार्थिनी. बाईंनीच तिच्या हातात पहिला कुंचला दिला होता. दारातून आत पाऊल टाकलं आणि तोच वास आला, औषधाचा आणि ओल्या काचेचा, आणि बाई क्षणभर तिथंच थांबल्या. जुनं काप काढायचं यंत्र कोपऱ्यात कापडाखाली झाकलेलं. नवं थरथरतं पातं असलेलं, त्याला बर्फ लागत नाही. त्यांचं उंच स्टूल मात्र जागेवर होतं, बसायची जागा झिजून बशीसारखी झालेली. त्यांनी त्यावर नुसता हात ठेवला.

"बाई! फोन नाही, काही नाही!" धाकट्या मॅडम धावत आल्या. सगळं ऐकलं, आणि हसल्या नाहीत. खाली वाकून भिंगरीला म्हणाल्या, "बरं केलंस विचारलंस. ये, दाखवते."

खोलीत अंधार केला. पडद्यावर काळोख, आणि काळोखात हिरव्या रंगानं लकाकणारे गोल. प्रत्येक गोल म्हणजे एक पेशी, अंगभर बारीक जाळी पांघरलेली. भिंगरीनं आजीचा पदर घट्ट धरला.

"कोळी कुठंय?"

"कोळी नसतोच. पेशी स्वतः आणि तिच्या शेजारणी मिळून विणतात."

"आणि ही डोळ्यावर नसते गं," पापुद्रेबाईंनी तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बोट टेकवलं. "ही इथं आत असते. पट्टीशी हिची गाठभेटसुद्धा होत नाही."

"मग तू का म्हणतेस वाईट आहे?"

धाकट्या मॅडम मधे पडल्या. "बाई, तुम्ही हिला फारच बदनाम करून ठेवलंय."

"मग काय आरती ओवाळू? माझा डोळा खाल्ला हिनं."

"खाल्ला नाही. जे होतं ते धरून ठेवलं, एवढाच तिचा गुन्हा. डावा काही बघत नव्हता, तर 'डावा बघत नाही' हेच धरून बसली." त्यांनी दिवा लावला, पाण्यानं भरलेला एक खण पुढे सरकवला, त्यात काप तरंगत होते. कुंचला बाईंच्या हातात दिला. "एक उचला बघू काचेवर."

"आता कुठं? हात थरथरतो माझा."

"उचला तर."

बाईंनी करंगळी खणाच्या काठाला टेकवली. अंतर डोळ्याला कळायचं नाही, म्हणून ते पहिल्यापासून करंगळीनं मोजायची त्यांची रीत. कुंचला पाण्याखाली गेला, मनगट वळलं, आणि पापुद्रा काचेवर अलगद येऊन पसरला. एक घडी नाही, एक बुडबुडा नाही.

"हे कोणी धरून ठेवलंय?" मॅडम म्हणाल्या. "आम्हाला सगळं कळलंय असं नाही. पण उंदरांमध्ये ही जाळी उसवली, की काही शिकलेल्या गोष्टी निसटून जातात, हे दिसतं. तुमच्या हातातलं हे बाहेर निसटू नये म्हणूनही आत कोणीतरी राबत असेल. सरांचा खडू आठवतो की नाही तुम्हाला?"

"चघळलेला," बाई म्हणाल्या, आणि त्यांना तो नुसता आठवला नाही, दिसला. ओला, पांढरा, सरांच्या खालच्या ओठाला लागलेली भुकटी. मग यजमानांचा मिटलेला डोळा दिसला. पळत येणारी लेक दिसली, अंगावर आदळली. कितीतरी वर्षं त्या उसवणीची वाट बघत होत्या. आता कोणी ती बाटली पुढे केली असती, तर त्यांनी हात मागे घेतला असता.

भिंगरीला यातलं काही नको होतं. तिचा आपला हिशेब चालला होता.

"म्हणजे मी आता जे करेन, ते आत राहणार?"

"बरंचसं," मॅडम म्हणाल्या.

"आणि पट्टी काढून टाकली तर?"

"तर डाव्यानं काहीच केलं नाही, हे राहणार."

भिंगरीनं खालचा ओठ पुढे काढून विचार केला. मग आजीपुढे हात पसरला. "पट्टी दे. पण मीच लावणार. आई नाही, तू नाही."

लावली. वाकडी, भुवईचे केस आत ओढून. "आई गं" म्हणाली, पण काढली नाही.

बस थांब्यावर दोघी उभ्या राहिल्या. बाई मनाशी जुळवत होत्या, लेकीला काय म्हणायचं ते. कालचं बोलणं परत घ्यायचं, हे तर झालंच. आणि आपल्या आईबद्दलही सांगायचं, की तिला बिचारीला डोळ्याचं कोणी सांगितलंच नव्हतं, जसं भिंगरीला जाळीचं आपण सांगितलं नव्हतं. एवढ्यात भिंगरी मान वाकडी करून, डावा डोळा बारीक करून ओरडली, "आजी, आपली आली! नऊ नंबर!"

बाईंच्या उजव्या डोळ्याला स्वच्छ दिसत होतं, बसवर सहा होता. शब्द ओठांवर आला. त्यांनी गिळला.

"नीट बघितलंस?"

"डाव्यानं बघितलं."

त्यांनी हात दाखवून बस थांबवली.

"कुठं जायचं, आजी?" कंडक्टरनं विचारलं. त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, "मग चुकलात, ही तिकडं जात नाही."

"माहितीये," बाई हळूच म्हणाल्या. "पुढच्या थांब्याचं द्या."

भिंगरी खिडकीला चिकटली होती आणि दुकानांच्या पाट्या मोठमोठ्यानं वाचत होती. बहुतेक चुकीच्या. बसमधली माणसं वळून बघायला लागली.

"आजी! इथं कान कापून मिळतात!"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पापुद्रेबाई हसल्या नाहीत, सांगितलंही नाही. "बघ जरा पुन्हा," एवढंच म्हणाल्या. बस गर्दीत अडकून सावकाश झाली. पोरीनं काचेला नाक टेकवलं, डोळा ताणला, पापण्या फडफडवल्या, डोळ्यातून पाणी आलं तरी हटली नाही.

"का... के..." ती म्हणाली. "के... केस! केस कापून मिळतात!"